बोक्याची रक्तचाचणी

परंड्याच्या गल्लीत बोका रात्री पत्र्यावर मारामारी करतो आणि सकाळी दुधाला हजर होतो. मांजरांची प्रतिकारशक्ती पोखरणारा एफआयव्ही विषाणू मुख्यतः अशा चाव्यांतूनच पसरतो. तेव्हा टेस्टचा प्रश्न पुण्या-मुंबईच्या फ्लॅटपुरता नाही.

या टेस्टचा इतिहास जरा क्रूर आहे. १९६४ साली ग्लासगोत विल्यम जॅरेट यांना मांजरांच्या ल्युकेमियाचा विषाणू सापडला. एकाच घरातली मांजरं कर्करोगाने जात होती, त्यावरून संशय आला होता. पुढच्या दशकात रक्तचाचणी आली आणि पॉझिटिव्ह मांजर कळपातून काढायचं, बऱ्याचदा मारूनच टाकायचं, अशी रीत पडली. रोग ओसरला, हे खरं. पण धडधाकट मांजरंही त्यात गेली. एफआयव्ही १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात सापडला. तो एचआयव्हीचा नातलग, माणसाला लागत नाही. पण नावानेच लोक बिचकतात.

ही टेस्ट विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं शोधते. ती आईच्या दुधातूनही येतात, म्हणून सहा महिन्यांखालचं पिल्लू पॉझिटिव्ह आलं तर नंतर पुन्हा तपासायचं. खरोखर बाधित मांजरही वर्षानुवर्षं मजेत जगू शकतं.

माझ्या मते घरात दुसरं मांजर आणताना किंवा मांजर सारखं आजारी पडत असेल, तर टेस्ट करावीच. ठणठणीत, भटक्या बोक्यासाठी खिशात मोजकेच पैसे असतील, तर आधी रेबीजची लस आणि नसबंदी. नसबंदीनंतर पत्र्यावरच्या मारामाऱ्या बऱ्याच कमी होतात.