अनामिक सहप्रवासी

किकवीस साताऱ्याच्या एस.टी.ची वाट पाहताना आम्हांस, अखेरच्या काळात साताऱ्यास राहिलेल्या नारायण वामन टिळकांचे स्मरण होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अपरिचित युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला व दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. डोंगरावरील प्रवचनाने टिळकांचे अंतःकरण जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी पत्नी लक्ष्मीबाईंची काही वर्षे ताटातूट झाली. १९०० साली त्याही ख्रिस्तचरणी आल्या. त्या प्रवाशाचे नाव टिळकांना कधीच कळले नाही. पेरणारा निघून जातो. पीक परमेश्वर राखतो. म्हणून शेजारच्या अनोळखी माणसाशी आपण आदराने बोलू या.