आवाजाची दोन बटणे

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला १९९९ साली. त्या काळातील घरगुती रेडिओला आवाजाचे बटण एकच असे. पुढे टेप अ‍ॅम्प्लिफायरला जोडला गेला आणि बटणे दोन झाली. टेपचा आवाज फार खाली ठेवून अ‍ॅम्प्लिफायरचा वाढवला, तर खरखरही वाढते; टेपचाच टोकाला नेला, तर स्वर फाटतो. ऐकताना ही चूक सुधारता येते, ध्वनिमुद्रणात फाटलेला स्वर मात्र सांधत नाही. झाडीपट्टीतील दंडारीची गाणी ज्या घरगुती कॅसेटींवर उरली असतील, त्या संगणकावर उतरवताना आम्ही एवढे भान राखले पाहिजे. अन्यथा पुढची पिढी आमच्या चुकीलाच मूळ गळा समजेल.