लिनक्स : एका बिनमालकीच्या प्रणालीची हकिकत

पत्रिकेवर ‘लिनक्स’ हा शब्द वाचून हे एखाद्या परदेशी औषधाचे नाव असावे, असे पुष्कळांना वाटले असल्यास नवल नाही. परंतु ह्या मंडपात बसलेल्या बहुतेकांच्या खिशात ह्या क्षणी लिनक्स आहे. ज्याला आपण अँड्रॉइडचा मोबाइल म्हणतो त्याचा गाभा लिनक्सचा. २०१७ साली निघालेला जिओचा बटनांचा स्वस्त फोन, त्याचाही गाभा तोच. आणि जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची जी यादी निघते, तिच्यातील सर्वच्या सर्व यंत्रे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवरच चालत आली आहेत. इतक्या सर्वत्र पसरलेल्या वस्तूला मालक मात्र नाही. असे कसे घडले?

संगणकाचे यंत्र म्हणजे नुसता सांगाडा. कळ दाबली की पडद्यावर अक्षर उमटावे, लिहिलेले जपून ठेवले जावे, चार कामे एकदम चालली तरी एकाने दुसऱ्याच्या पायात पाय घालू नये, हा सारा कारभार जी पाहते तिला कार्यप्रणाली म्हणतात. ती माणूस माणसाला वाचता येईल अशा संहितेत लिहितो. नंतर तिचे रूपांतर केवळ यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत होते. विकणारा बहुधा हे आकडे तेवढे देतो आणि मूळ संहिता आपल्या तिजोरीत ठेवतो. घेणाऱ्याला वस्तू वापरता येते. ती उघडून दुरुस्त मात्र करता येत नाही.

ह्या बंद तिजोरीचा राग प्रथम रिचर्ड स्टॉलमन ह्या अमेरिकन प्रोग्रॅमरला आला. मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रविद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तो काम करी. तेथील प्रिंटरमध्ये कागद वारंवार अडके. आधीच्या प्रिंटरच्या संहितेत त्याने, कागद अडकताच सर्वांना सूचना जाईल, अशी सोय स्वतः केली होती. नव्याची संहिता मागितली तेव्हा ती मिळाली नाही. कारण क्षुल्लक, परंतु माणूस हट्टी. १९८३ च्या सप्टेंबरात त्याने ‘ग्नू’ नावाची संपूर्ण मोकळी प्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला. १९८९ साली त्याने घडवलेले ‘जीपीएल’ हे परवानापत्र तर मला त्या संकल्पाहूनही मोठे वाटते. त्याचा आशय असा : ही संहिता घ्या, वापरा, बदला, विका देखील, पण बदललेली वस्तू दुसऱ्याला द्याल तर तिची संहिताही ह्याच अटीवर द्या. मालकीचा कायदा वापरूनच मालकीला कुंपण घालण्याची ही युक्ती होती.

ग्नूची पुष्कळशी अवजारे तयार झाली. गाभा तेवढा राहिला. तो आला भलतीकडून. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. पहिली आवृत्ती सुमारे दहा हजार ओळींची होती. आज त्या गाभ्यात तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. प्रारंभी त्याने तिच्या विक्रीला मनाई केली होती. १९९२ मध्ये त्याने जीपीएल पत्करले आणि जगभरची माणसे आपापली भर घालू लागली.

आपल्याकडे इर्जिक असते. एकाच्या शेतात सगळे राबतात, उद्या दुसऱ्याच्या. लिनक्सचे काम पुष्कळसे त्या रीतीने चालले, हे खरे. पण इर्जिकीचे रान एकाचेच राहते, येथे ते सर्वांचे. तथापि सारे केवळ परोपकारावर उभे आहे, असा भाबडा समज करून घेऊ नये. आज गाभ्यावर राबणाऱ्यांपैकी बहुतेक जण मोठ्या कंपन्यांचे पगारी नोकर आहेत. ज्या कामात कंपनीला लाभ आहे ते काम ती करून देते. जे काम तिच्या लाभाचे नाही त्याचे काय, हा प्रश्न उरतोच. आपल्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे.

गाभा आणि अवजारे एकत्र करून लोकांच्या हाती देण्यासाठी अनेक मंडळ्या निघाल्या. त्यांपैकी १९९३ च्या ऑगस्टात इयन मर्डॉकने सुरू केलेली डेबियन ही विशेष. तिची घटना आहे, १९९७ साली केलेला सामाजिक करार आहे, आणि तिच्या प्रमुखाची दर वर्षी निवडणूक होते. सहकारी संस्थांच्या निवडणुका पाहिलेल्या आपल्या जिल्ह्याला हे परके वाटू नये. फरक एवढाच, की येथे वाटायला लाभांश नाही. भारत सरकारच्या सी-डॅक संस्थेने २००७ साली काढलेली ‘बॉस’ ही प्रणाली ह्याच डेबियनवर बांधलेली आहे.

मराठीचा प्रवेश मात्र सहज झाला नाही. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टंकलेखनाची कामे केली त्यांना आठवत असेल : एका टंकात, म्हणजे फॉन्टमध्ये, लिहिलेला अर्ज दुसऱ्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांचा काला दिसे. प्रत्येक टंक विकणाऱ्याचा अक्षरक्रम निराळा होता. युनिकोडने प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक दिला, तेव्हा हा घोळ मिटण्याची वाट झाली. लिनक्सवर भारतीय लिप्या नीट उमटाव्यात म्हणून मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर केंद्रात ‘इंडिक्स’ प्रकल्प झाला. २००४ साली रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ हे टंक जीपीएलखाली सर्वांना मोकळे केले. त्याच कंपनीच्या पुण्याच्या कचेरीत भारतीय भाषांतील भाषांतराचे बरेच काम झाले.

हे काम किती नाजूक असते ते एका जोडीवरून समजेल. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे सातपुड्यात आहेत त्या. हिंदीत दुसऱ्या शब्दातला ‘र’ नाही. केवळ हिंदी डोळ्यापुढे ठेवून टंक केला, तर खापरच्या उशाशी असलेल्या दऱ्यांचा समुद्र व्हायला वेळ लागत नाही! बंद प्रणालीत अशी चूक दिसली तर अर्ज करून वाट पाहावी लागते. येथे जाणत्याला ती स्वतः दुरुस्त करून पाठवता येते.

रोजच्या वापरातल्या अडचणी लपवण्यात अर्थ नाही. एखादा प्रिंटर रुसून बसतो, एखादे कार्यालयीन काम दुसऱ्याच प्रणालीवर चालेल असे केलेले असते, आणि तालुक्याच्या गावी लिनक्स जाणणारा दुरुस्तीवाला विरळा. उलट, नव्या प्रणालीचे ओझे न पेलणारा दहा-बारा वर्षांचा संगणक हलक्या लिनक्सवर पुन्हा चालू लागतो. शाळांना ही गोष्ट लहान नाही. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत मुलांना लहान संगणक दिले गेले, ते लिनक्सवरच चालत. केरळने तर आपल्या सरकारी शाळांचे संगणकशिक्षणच मोकळ्या प्रणालीवर नेले. आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिली आधार ओळखपत्रे वाटली गेली, हे सर्वांना ठाऊक आहे; त्या आधारची यंत्रणा मोकळ्या संहितेच्या पायावर उभारलेली आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

आता भिलीचे पाहू. २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी बोलणारे एक कोटी चार लाखांवर आहेत. पण ती आठव्या अनुसूचीत नाही, म्हणून सरकारी यादीत तिला जागा नाही. आणि तिच्या बोलणाऱ्यांकडे खरेदीचे बळ नाही, म्हणून बाजारालाही तिची निकड नाही. लिनक्सच्या बहुतेक संगणकांत ‘जीलिबसी’ नावाचा एक पायाभूत भाग असतो. वारांची व महिन्यांची नावे, तारखा व आकडे लिहिण्याची रीत ह्यांची भाषावार नोंद त्यात ठेवतात. तीत मराठीची नोंद आहे, आणि ‘बीएचबी’ ह्या तीन अक्षरांखाली भिलीचीही आहे. एवढ्याने भाषा यंत्रात आली असे होत नाही. शुद्धलेखन तपासणारा शब्दसंग्रह हवा, पडद्यावरच्या हजारो लहान सूचनांचे भाषांतर हवे. ते करायला कोणाच्या परवानगीची जरूर नाही. पण दुसरा कोणी ते करून देईल असेही नाही. शिवाय अक्कलकुव्याकडची वसावी, नवापूरची मावची आणि धडगावची पावरी ह्यांपैकी कोणते शब्द घ्यायचे, हेही ठरवावे लागेल. ‘लिहिलेले जपून ठेव’ ही साधी सूचना कोणत्या शब्दांत द्यावी, ते पुण्याच्या इंजिनियराला सांगता येणार नाही. मोलगीकडून खापरच्या पेठेत उतरणाऱ्या माणसालाच ते विचारावे लागेल.