पाठीमागची नजर : रेडिओ-नियंत्रित कसरती उड्डाणातील सरावाचा इतिहास

रेडिओ लहरींच्या साहाय्याने जमिनीवरून चालवल्या जाणाऱ्या लहान विमानांच्या कसरतींची स्पर्धा हा आंतरराष्ट्रीय विमानक्रीडा महासंघाने मान्यता दिलेला क्रीडाप्रकार असून त्याच्या नियमावलीत या प्रकाराला ‘एफ-थ्री-ए’ असे सांकेतिक नाव आहे. या खेळाचा इतिहास बहुधा विमानांचा, इंजिनांचा आणि रेडिओ-संचांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तसे सांगणे सोपेही आहे, कारण यंत्रे जपून ठेवता येतात, त्यांचे आराखडे नियतकालिकांत छापले जातात आणि विजेत्याच्या नावाबरोबर त्याच्या विमानाचे नावही नोंदले जाते. सरावाची अशी नोंद होत नाही. तो गावाबाहेरच्या एखाद्या मैदानावर, प्रेक्षकांविना, इंधन किंवा बॅटरी संपेपर्यंत चालतो आणि विसरला जातो. तरीही या खेळाचे खरे स्थित्यंतर सरावातच घडले आहे. यंत्रातील दोष जसजसे दूर होत गेले तसतसा सरावाचा रोख यंत्राकडून वैमानिकाच्या हाताकडे, हाताकडून डोळ्याकडे आणि अखेर त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाच्या डोळ्याकडे सरकला.

आरंभीच्या काळात सराव या शब्दाला फारसा अर्थ नव्हता. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या कॅलमझू येथे वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी 1937 मध्ये रेडिओने चालणारे विमान यशस्वीपणे उडवले, आणि त्यांचे ते विमान आज अमेरिकेच्या राष्ट्रीय वायू-अवकाश संग्रहालयाच्या ताब्यात आहे. त्यानंतरची दीड-दोन दशके ‘एस्केपमेंट’ नावाच्या यंत्रणेची होती. या यंत्रणेत पिळलेल्या रबराच्या जोरावर एक चक्र टप्प्याटप्प्याने फिरे आणि प्रत्येक संकेतागणिक शेपटीवरील सुकाणू एका बाजूला, मध्यावर किंवा दुसऱ्या बाजूला जाई. बटण कितीदा दाबले याचा हिशेब वैमानिकालाच ठेवावा लागे. अशा विमानाने केलेली गिरकी जितकी योजनेने होई तितकीच योगायोगाने होई, आणि विमान उडाले त्याच मैदानावर सुखरूप परत आले, तर त्या दिवसाचे काम झाले असे मानले जाई.

पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1960 मध्ये स्वित्झर्लंडमधील ड्यूबेनडॉर्फ येथे झाली आणि ती शिकागोच्या एड काझमिर्स्की याने ‘ओरायन’ या स्वतः रचलेल्या विमानाने जिंकली. त्या काळचे आघाडीचे रेडिओ-संच ‘रीड’ पद्धतीचे होते, म्हणजे ट्रान्समीटरमधून वेगवेगळ्या उंचीचे स्वर प्रक्षेपित होत आणि विमानातील ग्राहकयंत्रात पोलादाच्या बारीक पट्ट्यांपैकी त्या त्या स्वराशी जुळणारी पट्टी कंप पावून विद्युत्-संपर्क साधत असे. प्रत्येक नियंत्रणाला दोन पट्ट्या लागत, त्यामुळे दहा पट्ट्यांच्या संचातून पाच नियंत्रणे मिळत. मधली अवस्था नव्हतीच. कळ दाबली की पंखावरील किंवा शेपटीवरील पडदी पूर्ण वळे आणि सोडली की परत मध्यावर येई. सलग, गोल वळण काढण्यासाठी वैमानिकाला कळ अत्यंत जलद आणि ठरावीक लयीत टिचकावत राहावे लागे, म्हणून त्या पिढीचा सराव हा मुख्यतः बोटांचा सराव होता. काझमिर्स्कीच्या पिढीने त्या तुटक साधनातून गोलाई काढून दाखवली ही गोष्ट आजच्या संचांवर शिकलेल्या वैमानिकाला समजणे कठीण आहे, आणि तिचे मोल इतिहासात पुरेसे मांडले गेलेले नाही.

प्रमाणबद्ध नियंत्रणाने हे चित्र पालटले. या पद्धतीत ट्रान्समीटरवरील कांडी जितकी हलवावी तितकीच पडदी वळते. फिल क्राफ्ट हा अशा संचांच्या निर्मात्यांपैकी एक होता, आणि त्यानेच 1967 मध्ये फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर झालेली जागतिक स्पर्धा ‘क्विक फ्लाय’ मालिकेतल्या विमानाने जिंकली. आता दोष रेडिओवर ढकलता येईना. लूप, म्हणजे उभ्या पातळीतले पूर्ण वर्तुळ, जर अंडाकृती झाले तर ते हाताने अंडाकृती केलेले असे. पुढे 1970च्या दशकात लिख्टेनश्टाइनचा वोल्फगांग माट आणि ऑस्ट्रियाचा हॅनो प्रेट्नर यांनी युरोपातून जे उड्डाण पुढे आणले, त्यात सफाईला यंत्राइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व आले. प्रेट्नरच्या नावाने जपानी कारखान्याने इंजिन काढले, त्याच्या विमानांचे संच जगभर विकले गेले. पण ज्यांनी ते संच विकत घेतले त्यांना असे दिसून आले की तेच विमान आणि तेच इंजिन असूनही आकृती तशी उमटत नाही. विमान विकत मिळते आणि सराव मिळत नाही, याची जाणीव या खेळाला ज्या काळात झाली तो हाच.

त्या दशकातील स्पर्धेचे स्वरूप मात्र सरावाला अजून सवलत देणारे होते. वैमानिक एकेक कसरत स्वतंत्रपणे सादर करी. आरंभ आणि शेवट मोठ्याने जाहीर करी. दोन कसरतींच्या मध्ये विमान वळवून, स्थिर करून, मनासारख्या अंतरावर आणून पुन्हा समोरून न्यायला त्याला मोकळीक असे. त्यामुळे सरावही सुटासुटा होई. 1980च्या दशकाच्या मध्याला ‘टर्नअराउंड’ पद्धती आली आणि ही मोकळीक संपली. या पद्धतीत उड्डाणाच्या दोन्ही टोकांना घेतले जाणारे वळण हीदेखील गुण मिळणारी कसरत ठरली, आणि साऱ्या कसरती एका अदृश्य चौकटीत, खंड न पडता, एकामागून एक करणे बंधनकारक झाले. वैमानिकापासून सुमारे 150 मीटर अंतरावरच्या उभ्या पातळीत ही चौकट कल्पिलेली असते. मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना 60 अंश आणि वरही 60 अंश, असे तिचे माप आहे. साध्या त्रिकोणमितीने पाहिल्यास 150 मीटरवर तिची रुंदी सुमारे 520 मीटर आणि उंची सुमारे 260 मीटर भरते. एवढ्या जागेत चुकीची भरपाई करायला उसंत उरत नाही. एका कसरतीतून विमान दहा मीटर दूर बाहेर पडले की पुढची कसरत तिथूनच सुरू होते, आणि चूक साखळीसारखी पुढे जाते. सुट्या कसरतींचा सराव पुरेसा नाही आणि केवळ संपूर्ण क्रम पुन्हा पुन्हा उडवणेही पुरेसे नाही, ही आजच्या प्रशिक्षणातील मूलभूत शिकवण या बदलातून जन्मली. म्हणूनच अनुभवी प्रशिक्षक एक कसरत, तिच्या आधीचे वळण आणि तिच्या नंतरचे वळण असे तीन-तीनचे तुकडे करून सराव घेतात आणि सारे तुकडे बसल्यावरच पूर्ण क्रमाकडे जातात.

चौकटीने आणखी एक प्रश्न उघडा पाडला, आणि या सगळ्या इतिहासाचे मर्म त्यात आहे. खऱ्या विमानातील वैमानिक क्षितिजाकडे पाहून आपली स्थिती ओळखतो. येथे वैमानिक जमिनीवर एका जागी उभा असतो आणि दीडशे मीटरवरच्या विमानाची खोली, म्हणजे ते आपल्यापासून किंचित दूर चालले आहे की जवळ येते आहे, हे त्याच्या डोळ्यांना जवळजवळ कळतच नाही. विमान उभे वर चढत असताना वाऱ्याने चार-पाच मीटर आत ढकलले, तरी वैमानिकाला ती रेषा सरळच भासते. शिवाय एफ-थ्री-ए प्रकारात विमानाच्या नाकाची दिशा पाहिली जात नाही, तर त्याने आकाशात काढलेली वाट पाहिली जाते. स्टॉल टर्न, स्पिन आणि स्नॅप रोल अशा काही कसरती वगळल्या तर वाऱ्याचा परिणाम पूर्णपणे झाकून भूमितीय आकृती शुद्ध ठेवणे हे वैमानिकाचे काम आहे. त्यासाठी सुकाणूचा सतत, परंतु डोळ्याला न जाणवेल इतका हलका वापर करावा लागतो आणि पंख मात्र समतल ठेवावे लागतात. बहुतेक नवशिके सुकाणूच्या कांडीवरचे बोट जवळजवळ निष्क्रिय ठेवतात, आणि ते बोट जागे करण्यातच प्रशिक्षकाचा पहिला हंगाम खर्च होतो.

ही चूक ज्याची त्याला दिसत नाही, म्हणून दुसऱ्याची नजर अपरिहार्य ठरली. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज जसा ऐकू येतो तसा तो समोर बसलेल्याला येत नाही, आणि म्हणून गुरूचा कान लागतो; त्याच न्यायाने येथे दुसरा डोळा लागतो. हा डोळा दोन ठिकाणी उभा राहू शकतो. वैमानिकाच्या लगत मागे, म्हणजे परीक्षकांच्या दिशेने उभे राहिले की त्रिज्या, उंची आणि मध्य साधला की नाही हे दिसते. चौकटीच्या टोकाला, उड्डाणरेषेच्या दिशेने पाहत उभे राहिले की विमान आत-बाहेर किती सरकते ते दिसते. जाणकार प्रशिक्षक एकाच सरावसत्रात दोन्ही जागा वापरतात. वारा नसलेल्या पहाटे उडवण्याचा मोह टाळून आडव्या वाऱ्यात मुद्दाम उडवावे, असा आग्रह धरण्यामागेही हेच कारण आहे, कारण शांत हवेत कमावलेली सफाई स्पर्धेच्या दुपारी उपयोगी पडत नाही.

नियमांनीही या दुसऱ्या माणसाला जागा दिली. स्पर्धेत वैमानिकासोबत एक साहाय्यक उभा राहू शकतो; त्याला या वर्तुळात ‘कॉलर’ म्हणतात. तो पुढची कसरत वाचून सांगतो. वाचण्यासाठी त्याच्या हातात चित्रलिपीचा कागद असतो, आणि ही लिपी खऱ्या विमानांच्या कसरतींसाठी स्पॅनिश वैमानिक होसे लुइस अरेस्ती याने 1960च्या दशकाच्या आरंभी घडवलेल्या पद्धतीवरून आलेली आहे. तीत सरळ रेषा, वळणे, बाण आणि अर्धवर्तुळे यांतून संपूर्ण कसरत एका नजरेत वाचता येते. उलट्या स्थितीतले उड्डाण तुटक रेषेने दाखवले जाते. कॉलरचे काम वाचनापुरते मर्यादित आहे असे वरवर वाटले, तरी चांगला कॉलर आवाजाच्या वेळेवरून वैमानिकाची लय सांभाळतो. कसरत संपण्याच्या फार आधी बोलला तर वैमानिक घाई करतो, उशिरा बोलला तर मधली सरळ रेषा लांबते. त्यामुळे वैमानिक आणि कॉलर यांचा सराव जोडीनेच व्हावा लागतो, आणि जागतिक पातळीवरील जोड्या वर्षानुवर्षे टिकलेल्या आढळतात. जमिनीवरचा सरावही याच जोडीचा असतो: काडीच्या टोकाला लावलेले लहानसे विमान हातात धरून वैमानिक सारा क्रम चालत-फिरत पुरा करतो आणि कॉलर त्याला तो वाचून दाखवतो.

मूल्यमापनाच्या कसोट्यांनी सरावाला भाषा दिली. प्रत्येक कसरतीला शून्य ते दहा गुण असतात, अवघडपणानुसार त्यांना गुणक लावला जातो, आणि 15 अंशांच्या विचलनाला एक गुण कापावा असा ढोबळ दंडक आहे. प्रशिक्षकांनी हीच भाषा मैदानावर आणली. ‘छान झाले’ किंवा ‘बिघडले’ असे न म्हणता ‘बाहेर पडताना दहा अंश डावीकडे, रोल मध्याच्या पुढे’ असे सांगण्याची पद्धत रुजली, आणि हा बदल प्रशिक्षणाच्या इतिहासात लहान समजता येणार नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय रेडिओ-नियंत्रित कसरती उड्डाण संस्थेने ‘के-फॅक्टर’ हे, त्या गुणकावरूनच नाव घेतलेले, नियतकालिक चालवून ही भाषा सामान्य स्पर्धकापर्यंत नेली. परीक्षक म्हणून बसणे हाही वैमानिकाच्या शिक्षणाचा भाग मानला जाऊ लागला, कारण दुसऱ्याच्या उड्डाणातला दोष ओळखणारा डोळा पुढे स्वतःच्या उड्डाणातही तो दोष शोधू लागतो.

दरम्यान यंत्रे शांत आणि मोठी झाली. ध्वनिमर्यादेमुळे तीव्र वेगाची किंचाळणारी इंजिने मागे पडली, चार-ठोकी इंजिने आली आणि 2000 नंतरच्या दशकात विद्युत्-मोटरींनी त्यांची जागा घेतली. आज विमानाची लांबी व पंखविस्तार प्रत्येकी 2 मीटरपर्यंत आणि वजन 5 किलोपर्यंत असते. विद्युत्-मोटरीमुळे प्रत्येक उड्डाणात शक्ती सारखी मिळू लागली, आणि चढताना व उतरताना एकच वेग राखण्याचा सराव खऱ्या अर्थाने शक्य झाला. संगणकीकृत ट्रान्समीटरने एका नियंत्रणात दुसरे मिसळण्याची सोय केली. तथापि विमानाचा गुरुत्वमध्य आणि मोटरीचा कोन आधी नीट बसवावा, मिश्रण शेवटी, असा क्रम जुने प्रशिक्षक आजही पाळायला लावतात, आणि तो योग्यच आहे. 1980च्या दशकाच्या अखेरीपासून संगणकावरील आभासी उड्डाणही सरावात आले. क्रम पाठ करण्यास ते उत्तम आहे, पण वारा आणि खोली यांच्याबाबतीत त्याची मर्यादा उघड आहे.

जागतिक स्पर्धा दर दोन वर्षांनी होते आणि तिचे क्रम बऱ्याच आधी जाहीर होतात, त्यामुळे एकाच सतरा कसरतींच्या प्राथमिक क्रमाचा सराव दोन हंगाम चालू शकतो. इतक्या दीर्घ सरावाने आघाडीच्या वैमानिकांतील अंतर पुसले जाऊ लागले, तेव्हा अंतिम फेरीत ‘अज्ञात क्रम’ आणण्यात आला. हा क्रम स्पर्धेच्या ठिकाणीच ठरतो आणि तो विमानाने आधी उडवून पाहण्यास मनाई असते. वैमानिकाकडे एक रात्र, चित्रलिपीचा कागद, काडीवरचे विमान आणि कॉलर एवढेच असते. त्यामुळे संघांच्या तयारीत एक नवा सराव शिरला: सहकाऱ्यांनी एकमेकांसाठी अनोळखी क्रम रचायचे, ते रात्री फक्त वाचायचे आणि सकाळी पहिल्याच उड्डाणात, कॉलरच्या आवाजावर विसंबून, पूर्ण करायचे. या सरावात कोणतीही कसरत दुसऱ्यांदा उडवली जात नाही. उड्डाण संपल्यावर दोघे बसून कागदावर खुणा करतात आणि दुसऱ्या दिवसासाठी नवा क्रम मागतात.