खाऊ सगळ्यांचा : बोर्डीच्या अंगणापासून बोईसरच्या प्लेग्रुपपर्यंत

मंडळी, एक साधा प्रश्न. 'अंगणवाडी' हा शब्द आला कुठून?

ऑफिसात चहाच्या वेळी सात-आठ जणांना विचारून पाहिलं. बहुतेकांचं उत्तर एकच, "सरकारी योजना आहे ना ती?" आहेच. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि तिच्याबरोबर अंगणवाडी देशभर गेली. पण हा शब्द आणि त्यामागची कल्पना त्याच्या कितीतरी आधीची आहे. ती घडली आपल्याच पश्चिम रेल्वेवर. बोईसरनंतर वाणगाव, मग डहाणू रोड, मग घोलवड. तिथे उतरलात की जवळच समुद्रकाठी बोर्डी.

ताराबाई मोडक आधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला तो या दोघांच्या पुढाकाराने. पुढे दादरला शिशुविहार झालं. पण ही सगळी शहरं. खेड्यातल्या गरीब पोराला माँटेसोरी कशी द्यायची, हा प्रश्न घेऊन १९४५ साली त्या बोर्डीला आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या आणि शेवटपर्यंत त्याच कामात राहिल्या.

बालवाडी तर सुरू झाली. पण हरिजनवस्तीतली मुलं तिथे येईनात. आता अशा वेळी आपल्यासारखी माणसं काय करतात? सूचना लावतात, पालकांची मीटिंग घेतात, आणि तरी कोणी आलं नाही तर "आम्ही दार उघडं ठेवलंय, ते येत नाहीत त्याला काय करणार" म्हणून मोकळे होतात. ताराबाईंनी उलटं केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणातली बालवाडी ती अंगणवाडी. इतकं सरळ!

साधनांचंही तेच. माँटेसोरीची मूळ लाकडी साधनं महाग, खेड्याला न परवडणारी. म्हणून शिंपले, बिया, पानं, काड्या अशा गावात मिळणाऱ्या वस्तू वापरल्या. पुढे १९५७ साली संस्था कोसबाडच्या टेकडीवर गेली. तिथली वारली मुलं गुरं राखायला जायची, शाळेत कुठून येणार? मग अनुताईंनी गुरं चरतात तिथेच शाळा भरवली. कुरणशाळा. म्हणजे सूत्र एकच होतं : मूल व्यवस्थेत बसत नसेल तर मुलाला ठोकून ठोकून बसवू नका, व्यवस्था हलवा.

हे सूत्र जरा लक्षात ठेवा. मला बोलायचंय खाऊबद्दल :-)

*

बोर्डीहून गाडीने परत बोईसरला येऊ. इथला इतिहास वेगळा. १९६९ मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, भारतातलं पहिलं. त्यासाठी देशभरातून माणसं आली, कॉलनी झाली. मग एमआयडीसी वाढली, कारखाने आले, फ्लॅट आले. अंगण मात्र गेलं. आजी गावाला, आई-बाबा दोघंही नोकरीत, आणि अडीच वर्षांचं पोर प्लेग्रुपमध्ये. अशा प्लेग्रुपात पंधरा-वीस मुलं धरली तर वर्षाला तेवढे वाढदिवस, शिवाय संक्रांत, दिवाळी, नाताळ, छब्बीस जानेवारी. प्रत्येक वेळी खाऊ. आणि खाऊ वाटायचा म्हणजे सगळ्यांना सारखा, ही आपली जुनी रीत.

माझी भाची अशाच एका प्लेग्रुपात जाते. तिला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. दीड वर्षांची असताना घरीच कोशिंबिरीतल्या कुटाने ते कळलं, डॉक्टरांनी तपासण्या करून पक्कं सांगितलं, आणि ताईने प्रवेश घेताना फॉर्मवर तसं लिहूनही दिलं होतं. तरी एका वाढदिवसाला तिच्या हातात राजगिऱ्याचा लाडू पडला. देणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. उपासाचा लाडू, त्यात कसली भीती? त्यात शेंगदाणे होते. अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली, आवाज बसला. जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन मिळालं आणि संध्याकाळपर्यंत बाईसाहेब पुन्हा उड्या मारायला लागल्या. सुदैव.

पण ताईला खरं लागलं ते त्यानंतरचं. पुढच्या पार्टीसाठी असं ठरलं की हिने आपला डबा आणायचा आणि बाजूच्या टेबलावर बसून खायचा. सुरक्षित? हो, बऱ्यापैकी. पण पावणेतीन वर्षांच्या मुलीला एवढंच समजतं की सगळे तिथे आणि मी इथे.

*

आता थोडा अ‍ॅलर्जीचा इतिहास, कारण "आमच्या वेळी नव्हती बाई ही थेरं" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल.

१९०१ मध्ये फ्रान्सचे शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिये मोनॅकोच्या राजाच्या बोटीवर समुद्री जीवांच्या विषाचा अभ्यास करत होते. विष थोडं थोडं देऊन कुत्र्यांना त्याची सवय होते का हे पाहायचं होतं. झालं भलतंच. दुसऱ्यांदा अगदी थोडा डोस दिला आणि कुत्रं काही मिनिटांत मेलं. संरक्षण मिळण्याऐवजी शरीर जास्तच भडकलं. १९०२ मध्ये त्यांनी याला अ‍ॅनाफिलॅक्सिस नाव दिलं आणि १९१३ चं नोबेल रिशेंना मिळालं. 'अ‍ॅलर्जी' हा शब्द १९०६ चा, व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांचा. १९२१ मध्ये कार्ल प्राउस्निट्झ यांनी आपला सहकारी हाइन्झ क्युस्टनर याच्या रक्तातला द्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला. क्युस्टनरला मासे चालत नसत. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला आणि तिथेच गांधी उठली! म्हणजे दोष रक्तातल्या कशाचा तरी होता. तो 'कशाचा तरी' म्हणजे आयजीई नावाची प्रतिपिंडं, हे कळायला १९६६-६७ साल उजाडलं.

तर आमच्या वेळी हे नव्हतं असं नाही, त्याला नाव नव्हतं. मराठीत 'बाधतं', 'सोसत नाही', 'पित्त उठतं' हे शब्द होतेच. फक्त त्यात दूध पचत नाही म्हणून पोट फुगणं आणि शेंगदाण्याने श्वास कोंडणं, दोन्ही एकाच पोत्यात जायचं. पहिल्यात त्रास होतो, दुसऱ्यात जीव जाऊ शकतो.

हेही खरं की आपल्याकडे प्रमाण कमी दिसतं. कर्नाटकातल्या शाळकरी मुलांच्या पाहणीत, जी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, अन्नाची अ‍ॅलर्जी संभवते अशी मुलं ०.१४ टक्के निघाली, तर त्याच अभ्यासात हाँगकाँगमध्ये १.५ टक्के. पण ही पाहणी ६ ते ११ वर्षांच्या मुलांची. दूध आणि अंड्याची अ‍ॅलर्जी लहानपणी जास्त असते आणि पुष्कळांची वाढत्या वयात जाते, म्हणजे प्लेग्रुपचं वय हेच जास्त जपायचं वय. आणि आमच्या धंद्यातला एक नियम सांगतो. एखादी अडचण हजारात एकदाच येते म्हणून ती सोडून देता येत नाही, ती आल्यावर किती नुकसान होईल तेही बघावं लागतं.

*

शेंगदाण्याची गंमत बघा. हे पीक मूळचं दक्षिण अमेरिकेचं, पोर्तुगीजांच्या व्यापारातून इकडे आलेलं. बटाटा तिकडचाच, साबुदाणा ज्याच्या कंदापासून करतात तो टॅपिओकाही तिकडचा. म्हणजे आपली उपासाची साबुदाण्याची खिचडी जवळजवळ पूर्ण अमेरिकन! पण आज मराठी स्वयंपाकघरात कूट नाही अशी जागा शोधून दाखवा. कोशिंबीर, चटणी, भरली वांगी, चिक्की, चिवडा, आणि घाण्याचं तेल. (रिफाइंड तेलात प्रथिन जवळपास उरत नाही, घाण्याच्या तेलात उरतं. त्यामुळे 'शुद्ध, पारंपरिक' म्हणजे सुरक्षित असं नाही.)

मग लहान मुलांना शेंगदाणा द्यायचाच नाही का? इथे डॉक्टरांनीच एकदा पूर्ण माघार घेतली आहे. २००० मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की ज्या बाळांना धोका जास्त त्यांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. अ‍ॅलर्जी काही कमी झाली नाही. २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला. त्याच वर्षी एक पाहणी आली : ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांच्या सुमारे दहा पट. इस्रायलमध्ये बाळं लहानपणापासून बांबा नावाचे शेंगदाण्याचे कुरकुरे खातात. मग २०१५ मध्ये लंडनच्या 'लीप' प्रयोगाचे निकाल आले. धोका जास्त असलेली ६४० बाळं होती. वयाच्या पाचव्या वर्षी, शेंगदाणा टाळलेल्या गटात अ‍ॅलर्जी १७.२ टक्के आणि लवकर सुरू केलेल्या गटात ३.२ टक्के. म्हणून आज सल्ला उलटा आहे : पहिल्या वर्षातच, वाटून किंवा कालवून द्या, आणि बाळाला तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पण हा उपाय अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणूनचा. ज्याला झालीच आहे त्याला "थोडं थोडं दे, सवय होईल" हा प्रयोग घरी करू नका. रिशेंच्या कुत्र्याची गोष्ट आठवा.

लेबलचंही ऐका. आपल्या एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांनुसार पाकिटावर ग्लुटेन असलेली धान्यं, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडा वर्ग, शेंगदाणा आणि सुकामेवा, सोयाबीन, तसंच ठरावीक प्रमाणावरचे सल्फाइट वेगळे सांगावे लागतात. या यादीत तीळ नाहीत. युरोपच्या यादीत तीळ आणि मोहरी दोन्ही आहेत, आणि अमेरिकेत २०२३ पासून तिळाचा उल्लेख सक्तीचा झाला. संक्रांतीला आपण काय वाटतो ते सांगायला नको. शिवाय स्टेशनबाहेरचं सुटं फरसाण, बेकरीचा केक, वाण्याकडचे कुरमुरे यांना लेबल कुठून असणार? ज्या मापाने शेंगदाणे काढले तेच माप कुरमुऱ्यांच्या पोत्यात जातं.

*

मग पार्टीत द्यायचं काय? इथे मला बोर्डी आठवते. महाग साधनांऐवजी शिंपले आणि बिया, म्हणजे आसपास जे आहे त्यातून निवडणं. या जिल्ह्यात खाऊची कमी आहे का? डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बिया काढून चिकूच्या फोडी द्या. केळं द्या. तांदळाची मऊ इडली, उकडलेलं रताळं, गूळ-खोबरं घालून केलेली नाचणीची उकड (तुपाशिवाय, कारण तुपातही दुधाचे अंश राहतात). टरबूज बारीक चिरून, बिया काढून. दूध, अंडं, गहू, शेंगदाणा, सुकामेवा, तीळ, सोया, मासे यातलं काहीच यात नाही. तरी यादी फळ्यावर लावून चालत नाही, प्रत्येक आईला विचारायचं, कारण क्वचित एखाद्याला उडीद, खोबरं किंवा केळंही चालत नाही.

दोन-तीन नियम आणखी. वाढदिवसाचा खाऊ आदल्या दिवशी कळवायचा, नुसतं नाव नको, त्यात काय घातलंय ते. भांडी-चमचे स्वच्छ धुतलेले. खाल्ल्यावर सगळ्यांचे हात साबणाने धुवायचे, सॅनिटायझरने शेंगदाण्याचा अंश निघत नाही. अख्खा शेंगदाणा, पॉपकॉर्न, अख्खं द्राक्ष या वयात कोणालाच नको, घशात अडकतं. आणि गांधी, उलटी, आवाज बसणं, धाप, मूल एकदम मलूल होणं यातली लक्षणं एकत्र दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका. अ‍ॅलर्जीच्या गोळीने अ‍ॅनाफिलॅक्सिस थांबत नाही, मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. जवळ ते कुठे मिळेल हे पार्टीच्या आधी माहीत हवं.

"एका मुलीसाठी वीस जणांनी केक सोडायचा का?" हा प्रश्न ताईला विचारला गेला. त्याचं उत्तर याच जिल्ह्यात आहे. राज्य सरकारच्या अमृत आहार योजनेत २०१६ पासून आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंडं द्यायला सुरुवात झाली, आणि जे अंडं खात नाहीत त्यांना केळी. एवढ्या मोठ्या सरकारी योजनेला पहिल्याच दिवशी सुचलं की सगळी मुलं एकच पदार्थ खाणार नाहीत, तर वीस मुलांच्या प्लेग्रुपला सुचायला हरकत नाही. आणि वीस जणांनी केक कायमचा सोडायचाच नाहीये. घरी खावा, हवा तेवढा. प्लेग्रुपातला तासाभराचा खाऊ फक्त सगळ्यांना चालेल असा असावा.

अस्पृश्यता आणि अ‍ॅलर्जी यांची तुलना मी करत नाहीये, ती करू नये. तिथे अन्याय होता, इथे आजार आहे. पण तीन वर्षांच्या मुलाला बाजूला बसवल्यावर जे वाटतं ते कारण बघून बदलत नाही. ताराबाईंनी १९४५ नंतर दाखवलेली वाट अजून तशीच सरळ आहे. मुलाला खाऊ चालत नसेल तर मुलाला हलवू नका, खाऊ हलवा.

ता. क. : ताईने प्लेग्रुपच्या बाईंशी बोलून पुढच्या वाढदिवसाला चिकू आणि इडली ठरवून घेतली आहे. चिकू आणायचं काम अर्थातच मामाकडे. त्यामुळे पुढच्या शनिवारी लेख नाही, घोलवडची गाडी!