विनंतीअर्ज ऐसा जे

आमच्या नातीला भाला चालवता येतो, हे मला परवा प्रथमच कळलं.

ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या आठवड्यात तिच्या कॉलेजात 'करिअर फेअर' भरायची होती. फेअर म्हणजे जत्रा, एवढं आमच्या पिढीला कळतं. पण या जत्रेत पाळणे नसतात, रेवड्या नसतात. कंपन्यांची टेबलं मांडलेली असतात आणि मुलं हातात एकेक कागद घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर दर्शनाला जातात. सुट्टीत दोन महिने कुणीतरी आपल्याला इंटर्न म्हणून ठेवून घ्यावं, हा नवस. त्या कागदाचं नाव रेझ्युमे. "आजोबा, इंग्रजी तेवढं बघून द्या," असं म्हणून तिनं तो माझ्यापुढे ठेवला आणि मी तिसऱ्याच ओळीला अडखळलो. तिथं लिहिलं होतं, 'स्पिअरहेडेड फूड ऑपरेशन्स'.

"हे भाल्याचं काय आहे ग?"

"भाला नाही हो. पुढाकार घेतला, असा अर्थ आहे. गॅदरिंगला आमचा वडापावचा स्टॉल नव्हता का?"

"त्यात तू काय करत होतीस?"

"क्यूआर कोडचा पुठ्ठा धरून उभी होते."

पुढे कळलं की सगळं एका पानात बसलं पाहिजे, प्रत्येक ओळ क्रियापदानं सुरू झाली पाहिजे, आणि मोठ्या कंपन्यांत हा कागद आधी माणूस वाचतच नाही, कॉम्प्युटर वाचतो. कंपनीला हवे असलेले शब्द आणि आपल्या कागदातले शब्द तो ताडून पाहतो. पुरेसे जुळले तर पुढे, नाहीतर बाद. म्हणजे गुणमेलनच की! उगाच नाही आपल्याकडे नोकरीच्या कागदालाही बायोडाटा म्हणत आणि लग्नाच्याही. एकात उंची, वर्ण आणि गोत्र जास्त, एवढाच काय तो फरक.

"पण हे खोटं नाही का?" मी विचारलं.

"खोटं कुठे? सगळेच असं लिहितात."

निवृत्तीनंतर मला इतिहासाचा नाद लागला आहे. त्यामुळे कुणी 'सगळेच' म्हटलं की मला आधी गेलेल्या सगळ्यांची आठवण होते. आणि या बाबतीत पहिला आठवतो तो थेट लिओनार्दो द व्हिंची.

१४८२ च्या सुमाराची गोष्ट. लिओनार्दो तेव्हा तिशीचा. त्याला मिलानच्या लुदोविको स्फोर्झाच्या पदरी नोकरी हवी होती. त्यानं केलेल्या अर्जाचा मसुदा अजून मिलानमध्ये जपून ठेवलेला आहे. अर्जात त्यानं चक्क कलमं घातली आहेत. मला हलके पण मजबूत पूल बांधता येतात. वेढ्याच्या वेळी खंदकातलं पाणी काढून टाकता येतं. किल्ले पाडता येतात. आवाज न करता भुयारं खणता येतात. गारांसारखा दगडांचा मारा करणाऱ्या तोफा करता येतात. शत्रूच्या गर्दीत घुसतील असे झाकलेले रथ करता येतात. अशी नऊ-दहा कलमं लढाईची झाल्यावर, शांततेच्या काळात इमारती आणि पाण्याचे पाट येतात, मग मूर्तिकाम येतं, आणि अगदी शेवटी जाता जाता उल्लेख येतो की चित्रकलेतही मी कुणाला हार जाणार नाही. आता या लढाईच्या सामानातलं त्यानं तोपर्यंत प्रत्यक्ष किती बनवलं होतं, हे विचारायचं नाही. जवळजवळ सगळं कागदावर होतं. 'स्पिअरहेडेड' हा शब्द इटालियनमध्ये नसावा, नाहीतर त्यानं घातला असता.

याहून गमतीचा भाग पुढेच आहे. लिओनार्दो डावखुरा. आरशात धरल्याशिवाय वाचता येऊ नये असं उजवीकडून डावीकडे लिहायचा. हा मसुदा मात्र सुवाच्य, सरळ आहे; आणि जाणकारांच्या मते अक्षर त्याचं नाहीच. मोनालिसा काढणारा माणूसही नोकरीचा अर्ज करायची वेळ आली तेव्हा कुणाला तरी "जरा नीट लिहून दे रे" म्हणाला असणार. हे वाचल्यापासून मी नातीचं इंग्रजी तपासण्यात कमीपणा मानत नाही.

मिलानमध्ये त्याचं बस्तान बसलं. तिथं त्यानं काय केलं? भिंतीवर 'शेवटचं भोजन' रंगवलं. म्हणजे यादीत जे सर्वांत शेवटी होतं, त्यासाठी मिलान आजही लोकांना माहीत आहे. अर्जात आणखी एक गोष्ट होती, लुदोविकोच्या वडिलांच्या स्मारकासाठी ब्राँझचा घोडा. त्यानं मातीचा प्रचंड नमुना तयारही केला. पण १४९४ मध्ये साठवलेलं ब्राँझ तोफा ओतायला पाठवलं गेलं, आणि १४९९ मध्ये मिलान घेणाऱ्या फ्रेंच तिरंदाजांनी त्या मातीच्या घोड्यावर नेमबाजीचा सराव केला. तोफा करून देतो म्हणून अर्ज करणाऱ्याचा घोडा तोफांनीच खाल्ला. अर्जात लिहिताना माणसानं जपावं ते एवढ्यासाठी.

आपल्याकडे इतकं लांबलचक लिहायची पद्धत नव्हती. आपल्याकडे उमेदवारी होती. उमेद हा शब्द फारसी. त्याला 'वार' लागला की उमेदवार, म्हणजे आशेवर असलेला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात हा शब्द आहे. इंग्रजांनी तर तो उचलून 'ओमेदवार' असा आपल्या बोलीत घेतला, कारण त्यांच्या कचेरीच्या ओसरीवर हा माणूस रोजच बसलेला दिसायचा. कारकुनाच्या मांडीला मांडी लावून बसायचं, बोरू तासून द्यायचे, नकला करायच्या, पगार शून्य. महिने जायचे, कधी वर्षं जायची. एखादा कारकून निवृत्त झाला किंवा वर गेला की मग जागा. अलीकडे निवडणुकांनी या शब्दाची पार रया घालवली. नाहीतर इंटर्नला इतका नेमका मराठी शब्द घरात असताना आपण तो बाहेर शोधतो.

उमेदवाराला बायोडाटा लागत नसे. त्याला चिठ्ठी लागायची. ही आपली चिठ्ठीसुद्धा साहेबानं नेली आणि तिचं 'चिट' केलं. खानसाम्यापासून मुनशीपर्यंत प्रत्येक जण जुन्या साहेबांच्या चिठ्ठ्यांचं पुडकं जपून ठेवी आणि नव्या साहेबापुढे सोडी. त्यातल्या काही चिठ्ठ्यांत साहेबानं काय खवचटपणा करून ठेवला आहे, हे ज्याच्या पुडक्यात ती असे त्याला वाचता येत नसे, असे पुष्कळ किस्से आहेत. पण यातही एक साधेपणा होता. तुम्ही कसे आहात हे दुसरा सांगायचा. स्वतःच स्वतःला 'परिश्रमी, संघभावनेचा' म्हणायची पाळी येत नसे.

मग विद्यापीठं आली. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं आणि १८६२ मध्ये बी. ए. ची पहिली तुकडी बाहेर पडली. त्यात चौघे, आणि चौघांत रानडे आणि भांडारकर! असल्या तुकडीला अर्जाचा नमुना कशाला हवा? पुढे पदवीधर वाढले आणि नमुना आला. 'आय बेग टु अप्लाय' हे पालुपद माझ्या वडिलांना पाठ, मला पाठ, आणि झोपेत विचारलं तरी माझ्या पिढीतल्या प्रत्येकाला पाठ. आपल्या कृपाछत्राखाली जागा रिकामी असल्याचं विश्वसनीय सूत्रांकडून कळलं, अशी सुरुवात. वास्तविक ते पेपरातल्या जाहिरातीवरून कळलेलं असे. शेवटी नोकरी दिल्यास आपल्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करीन, असं वचन. त्या काळी नापास होणंही लपवत नसत. 'बी. ए. नापास' ही पदवीच होती, बी. ए. पर्यंत पोचलो होतो, याचा तो पुरावा.

इथं मला नातीला एक गोष्ट सांगाविशी वाटली. ९ फेब्रुवारी १९१२ रोजी मद्रासच्या पोर्ट ट्रस्टकडे एका चोवीस वर्षांच्या तरुणानं कारकुनीसाठी अर्ज केला. पगार महिना तीस रुपये. मॅट्रिक आहे, पुढे एफ. ए. पर्यंत शिकलो, पण काही प्रतिकूल गोष्टींमुळे शिक्षण पुढे नेता आलं नाही. मात्र सगळा वेळ गणितात घालवतो आहे, असा त्याचा आशय. अर्जदार श्रीनिवास रामानुजन. त्या प्रतिकूल गोष्टी कोणत्या? तर कुंभकोणमच्या कॉलेजात इंग्रजीत नापास होऊन शिष्यवृत्ती गेली, आणि नंतर मद्रासला एफ. ए. च्या परीक्षेत गणित सोडून इतर विषयांत तो पुन्हा नापास झाला. नोकरी मिळाली, १ मार्चला तो रुजू झाला. पुढच्या जानेवारीत त्यानं केंब्रिजच्या हार्डीला पत्र लिहिलं. पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं की मी एक कारकून आहे, पगार अमुक इतका. विद्यापीठाचं शिक्षण नाही. त्यानंतर प्रमेयांची पानंच्या पानं. त्याआधी केंब्रिजच्याच दोन प्राध्यापकांना लिहून उपयोग झाला नव्हता. आजचा कॉम्प्युटर असता तर त्याला हार्डीनंतर चौथाही शोधावा लागला असता.

"म्हणजे रामानुजननंसुद्धा एटीकेटी लपवली," नात म्हणाली.

तिच्या तोंडून हा शब्द जरा लवकरच बाहेर पडला. मी काही बोललो नाही. ती म्हणाली, "आजोबा, तुमचा अर्ज दाखवा की. तुम्ही काही टाकत नाही ते."

खरं आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत माझी एक फाइल आहे. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टनं कार्बन घालून काढलेली प्रत, सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉक्टरांच्या सहीच्या 'ट्रू कॉपी', आणि आमच्या हेडमास्तरांनी दिलेला चारित्र्याचा दाखला. हा उमेदवार सच्छील आहे आणि माझा नातेवाईक नाही, अशी त्यात ग्वाही आहे. सच्छील असणं पुरेसं नव्हतं. नातेवाईक नसणंही लागे. नातीला हसू आवरेना. मग तिनं अर्ज वाचला, आणि इंजिनिअरिंगची मुलगी असल्यामुळे लगेच वजाबाकी केली.

"एस. एस. सी. १९६४. बी. कॉम. १९६९. तेव्हा अकरावीनंतर चारच वर्षं असायची ना? एक वर्ष कुठे गेलं?"

पंचावन्न वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. ज्यांनी मला नोकरीवर घेतलं त्यांनीही नाही, आणि लग्नाआधी बायोडाटा पाहणाऱ्या माझ्या सासऱ्यांनीही नाही. मी इंटर कॉमर्सला नापास झालो होतो. सांगलीला आम्ही राहत होतो. वडिलांच्या दम्यानं त्या वर्षी अंथरूण धरलं आणि मी एका हळदीच्या अडत दुकानात उमेदवारीला बसलो. सकाळी सहापासून सौदे, वजनं, पट्ट्या, मग रोजमेळ, मग खतावणी. कॉलेजला जायचो तो तिसऱ्या तासाला, अंगाला हळदीचा वास घेऊन. शेटजींचे दिवाणजी म्हातारे होते. एक पैशाचा फरक सापडेपर्यंत दिवा मालवू देत नसत. पुढे तीस-बत्तीस वर्षं मी हिशेबाचं जे काही काम केलं ते त्या वर्षाच्या जोरावर, बी. कॉम. च्या पुस्तकांनी त्यात मोडता घातला नाही, एवढंच. आणि अर्जातून तेच वर्ष मी पुसून टाकलं होतं. प्रतिकूल गोष्टी असंसुद्धा लिहिलं नाही. अर्ज टाइप होत असताना वडील शेजारी उभे होते. ते म्हणाले, "अडतीचं लिहीत नाहीस?" मी म्हणालो, "नको, हमालासारखं दिसतं." ते काही बोलले नाहीत. त्यांना बोलताना धाप लागायची, म्हणून मी ते तेव्हा मनावर घेतलं नाही.

हे मी तिला सांगितलं. मग थोड्या वेळानं तिनं तिचं सांगितलं. गेल्या वर्षी आमच्या सूनबाईंचा पाय मोडला. त्या डबे देतात, बेचाळीस घरचे. दोन महिने नातीनं ते चालवले. कुणाला पोळ्या किती, कुणाचा संकष्टीचा उपास, कुणाची महिन्याची बाकी, कुठला पोऱ्या कुठल्या गल्लीतून गेला तर वेळ वाचतो, हे सगळं तिनं कॉम्प्युटरवर मांडलं. एकही डबा चुकला नाही. विषय दोन राहिले. मला घरात राहून हे माहीत होतं. तिच्या कागदावर मात्र त्यातलं अक्षरही नव्हतं.

"डब्यांचं काय लिहायचं? ती काय इंटर्नशिप आहे?" ती म्हणाली.

वडापावचा पुठ्ठा काढून तिथं बेचाळीस डबे ठेवायला आम्हाला रात्रीचे अकरा वाजले. 'स्पिअरहेडेड' गेलं. 'रन' एवढंच राहिलं, आणि पुढे आकडे. दोन विषय राहिल्याची ओळ ठेवायची की नाही यावर बराच वाद झाला. विषय नंतर सुटलेले आहेत, तेव्हा न लिहिणं खोटं नाही, असं तिचं म्हणणं; कुणी विचारलं तर खरं सांगायचं, यावर तडजोड झाली.

जत्रेच्या दिवशी तिनं सहा टेबलं केली. पाच ठिकाणी कागद गठ्ठ्यावर गेला. सहाव्या टेबलावरचा माणूस डबेवाल्या ओळीवर थांबला आणि त्यानं विचारलं, संकष्टीचे डबे वेगळे कसे काढायचात? ती वीस मिनिटं बोलत होती म्हणे. विषयांचंही विचारलं, तिनं सांगितलं. "कळवतो" म्हणाले. अजून कळवलेलं नाही.

दरम्यान आमच्या सोसायटीला खजिनदार हवा आहे. मी नाव दिलं, तेव्हा नातीनं बसून माझाही एका पानाचा रेझ्युमे केला. १९६४ आणि १९६९ च्या मधे तिनं एक ओळ घातली आहे: हळद अडत दुकान, सांगली, रोजमेळ आणि खतावणी.

"मोबदला काय लिहू? शून्य?"

"शून्य नको," मी म्हणालो. "दिवाळीला शर्टाचं कापड दिलं होतं त्यांनी. अडीच वार."