पाच एकरांत मावणारी गोगलगाय



२०२२ चा पावसाळा तुम्हाला आठवत असेल. सोयाबीन उगवून वर आलं न आलं तोच गोगलगायींनी रातोरात रोपं कुरतडली. आपल्या बीड जिल्ह्यात, तिकडं लातूर-उस्मानाबादला, कित्येक घरांवर दुबार पेरणीची वेळ आली. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधावर टाकायची, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात बुडवायच्या. हे काम बहुतेक बायकांच्याच वाट्याला आलं. त्यामुळे आज गोगलगायीचा इतिहास सांगते म्हटल्यावर कुणी कपाळाला हात लावला, तर मला नवल वाटणार नाही! पण ही गोगलगाय वेगळी. ही समुद्राच्या तळाशी राहते.

आपल्या समुद्रांच्या तळाशी कोण राहतं हे पाहायला सुरुवात झाली ती मुंबईत बांधलेल्या एका आगबोटीवरून. १८८१ साली मुंबईच्या गोदीत ‘इन्व्हेस्टिगेटर’ नावाची चाकांची लाकडी बोट तयार झाली. तिचं मुख्य काम समुद्राची मोजणी. पण बोटीवरचा डॉक्टर प्राण्यांच्याही नोंदी ठेवी. १८८८ पासून काही वर्षं आल्फ्रेड अल्कॉक हे काम करत होते. जाळं खोल सोडायचं, वर ओढायचं, जे येईल ते बरणीत घालून चिठ्ठी लावायची: जागा कोणती, पाणी किती खोल, तारीख काय. शंख-शिंपल्यांची वर्णनं लंडनच्या संग्रहालयातल्या एडगर स्मिथ यांनी केली. चिठ्ठी हरवली तर शंख नुसता शोभेचा. मात्र जाळं आंधळं असतं. जिथं पडलं तिथलंच कळतं.

आता एकदम २००१ सालात येऊ. हिंदी महासागराच्या मध्यावर समुद्राखाली डोंगररांगा आहेत. तिथं जमिनीच्या भेगांतून खनिजं घेऊन कढत पाणी उसळतं. अशाच ‘काइरेई’ नावाच्या जागी सिंडी व्हॅन डोव्हर या बाईंच्या नेतृत्वाखालची अमेरिकन मोहीम गेली. खोली जवळजवळ अडीच किलोमीटर. म्हणजे आपलं कळसूबाई शिखर तिथं ठेवलं, तरी माथ्यावर सातशे-आठशे मीटर पाणी राहील. माणूस उतरवला नव्हता, दोरीला बांधलेलं यंत्र सोडलं होतं. त्यानं वर आणलेल्या गोगलगायीच्या पायावर कौलांसारखे खवले होते, आणि खवल्यांवर चक्क लोखंडाच्या सल्फाइडचा थर. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ आपण म्हणतो. हिच्या पायाला चिलखतही! ही चरत नाही. तिच्या पोटातल्या एका ग्रंथीत जिवाणू राहतात, तेच तिला पोसतात.

तरी तिला रीतसर शास्त्रीय नाव मिळायला २०१५ उजाडलं: क्रायसोमॅलॉन स्क्वामिफेरम. दुसऱ्या शब्दाचा अर्थ खवलेवाली. चौदा वर्षं सगळे तिला ओळखत होते, पण सातबाऱ्यावर नाव नाही, असली गत. नाव नाही तर संरक्षणाच्या यादीत घालायचं कुणाला?

ती कुठं कुठं राहते, याची नोंदही सावकाश वाढली. २००९ मध्ये मॉरिशसच्या हद्दीतल्या ‘सॉलिटेअर’ या जागी सापडली, पण तिथली पांढुरकी. खवल्यांवर लोखंड नाही. ही दुसरी जात असेल असं कुणालाही वाटावं. आनुवंशिक तपासणीत जात एकच निघाली. मग २०११ मध्ये दूर नैऋत्येला, पावणेतीन किलोमीटर खोल ‘लाँगची’ इथं.

या तिन्ही जागांचं क्षेत्रफळ एकत्र केलं तेव्हा ते ०.०२ चौरस किलोमीटर भरलं. हिशेब करा, पाच एकरसुद्धा पुरतं नाही. एका मध्यम शेतकऱ्याच्या रानाएवढी जागा, तीही शेकडो कोसांवर तीन तुकड्यांत! जिथं ती राहते त्या उष्ण झऱ्यांभोवतीच तांबं, जस्त, सोनं साठलेलं असतं. तिघांपैकी दोन जागा खाणीच्या शोधासाठी दिलेल्या परवान्यांत येतात. म्हणून २०१९ मध्ये तिचं नाव जागतिक लाल यादीत ‘धोक्यात’ म्हणून चढलं. समुद्रतळाच्या खाणकामामुळे यादीत आलेला हा पहिला जीव. त्यानंतर तिच्या आणखी थोड्या जागा सापडल्या, तरी हिशेब लहानच. आणि हे सगळं परक्यांचं नाही बरं का. हिंदी महासागरात असाच खनिजशोध करण्याचा दहा हजार चौरस किलोमीटरचा करार भारतानं २०१६ मध्ये केला आहे.

जाता जाता एक. आपलं सोयाबीन खाणारी शंखी गोगलगाय मूळची आफ्रिकेची. १८४७ च्या सुमारास बेन्सन नावाच्या शंखांच्या शौकिनानं ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि बागेत सोडली. तिथून ती आपल्या बांधापर्यंत आली. पेरणीआधी बांधावरचं गवत काढून घ्या, दिवसा ती तिथंच लपते.